जयसिंग ओव्हाळ आणि पार्टी

कौशल्याबाईंनी बशीतला चहा न पिता परत कपात ओतला आणि कप खुर्चीखाली सरकवून दिला.

"हा आवाज यांचा नाही," त्या म्हणाल्या.

समाजमंदिरात गाणं इतक्या मोठ्याने चालू होतं की त्यांचं म्हणणं फक्त शेजारी बसलेल्या नीलाला, त्यांच्या मुलीला, ऐकू गेलं. नीलाने आईच्या हातावर हात ठेवला. वडील जाऊन वर्ष होत आलंय, त्यांचं गाणं असं अचानक अंगावर आल्यावर आईला काहीतरी होणारच, असा त्या हाताचा अर्थ होता. नीलाचे स्वतःचे डोळे भरून आले होते.

समोरच्या टेबलावर झिशानचा लॅपटॉप होता आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. झिशान निघोज्याचा. दिवसा चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायचा आणि उरलेल्या वेळात जुन्या गाण्यांची रिमिक्स करायचा. जयंती असो, हळद असो, नगरसेवकाचा वाढदिवस असो, त्याची गाणी भोसरीपासून राजगुरुनगरपर्यंत खिडक्यांची तावदानं हलवत. या वेळी मंडळाने त्याच्याकडे जयसिंग ओव्हाळांची कॅसेट दिली होती. येत्या रविवारी कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या चौकाला जयसिंगांचं नाव द्यायचं होतं. पाटीवरचा पडदा सरकला की त्यांचंच गाणं वाजणार, पण आजच्या पोरांना नाचता येईल असं.

गाणं जयसिंगांनी स्वतः लिहिलेलं होतं. त्यात बाबासाहेब पहाटेच्या भोंग्यासारखे येतात आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी गाणारा म्हणतो, 'सांगा अंधाराला, आता तुझी पाळी संपली.' त्यातलं 'संपली' वर चढतं आणि बराच वेळ खाली उतरत नाही. त्या एका शब्दासाठी पिंपरीपासून देहूरोडपर्यंतच्या वस्त्यांमधून जयसिंगांना बोलावणी येत. झिशानने नेमका तिथेच हलगी आणि पोटात ढवळणारा बेस एकदम सोडला होता. 'संपली' आलं, टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत कडेला गेला, आणि मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाणं थांबलं. त्या शांततेत कौशल्याबाई तेच वाक्य पुन्हा बोलल्या, आणि या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

झिशानला राग आला नाही. कामात खोट काढली जाण्याची त्याला सवय होती. कंपनीत तो दिवसभर इतरांच्या कामात तीच काढायचा. त्याने नीट समजावून सांगितलं. कॅसेट एकच, तीही जुनी. त्याच्याकडचं सॉफ्टवेअर तिच्यातून गाणाऱ्याचा आवाज वेगळा काढतं, ढोलकी वेगळी, बाकीचं वेगळं. काकांचा आवाज छान निघाला, पण दर कडव्याला 'संपली' आलं की तो गायब व्हायचा. कॅसेटवरही तो तिथे लांबून, पेटीत मिसळल्यासारखा येतो, म्हणजे टेप तिथे झिजली असणार. मग त्याने काकांचाच खालचा आवाज उचलून, यंत्राकडून वरच्या पट्टीत नेऊन, त्या जागी बसवला.

"म्हणजे आवाज काकांचाच आहे, मावशी," तो म्हणाला. "फक्त तिथं त्यांनी गायलेला नाही. जोड कुठं कळतो का सांगा."

"कळतो," कौशल्याबाई म्हणाल्या. "टेप झिजलेली नाही. तिथं ते गातच नव्हते. तिथं मी गायचे."

सगळ्यांनी दत्तोबांकडे पाहिलं. दत्तोबा मंडळाचे अध्यक्ष. जयसिंगांच्या पार्टीत ते ढोलकीला असत, आणि पार्टीतले जे अजून हिंडते-फिरते होते ते म्हणजे ते आणि कौशल्याबाई, एवढेच. दत्तोबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला.

"वहिनींचा कोरस असायचा की," ते म्हणाले. "झील धरायच्या त्या. आमी समदेच धरायचो. आवाज जयसिंगचा."

हे खोटं नव्हतं. कामगाराचा हात मशीनमध्ये गेल्यावर सुपरवायझर 'अपघाताच्या वेळी कामगार मशीनजवळ होता' एवढंच लिहून देतो, तितपत ते खरं होतं.

पूर्ण खरं असं होतं. जयसिंग भोसरीच्या एका फौंड्रीत वाळूचे साचे करायचे. ती धूळ वर्षानुवर्षं गळ्यात बसत गेली. खालचा आवाज तिने उलट जाड आणि गोड केला. वरचा मात्र नेला. पार्टी तेव्हा नुकती नावारूपाला येत होती. चिखलीच्या एका कार्यक्रमात जयसिंगांचा श्वास नेमका 'संपली'पाशी अडकला आणि मागे झील धरून बसलेल्या कौशल्याबाईंनी तो शब्द उचलला. जयसिंगांचा हात सवयीने वर गेलेला होता, तोंड उघडलेलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे ती रीतच पडली. शब्द जवळ आला की जयसिंग हात वर करत आणि मागे डोक्यावर पदर घेतलेल्या कौशल्याबाई गात. हात सगळ्यांना दिसायचा. लोक गाणं डोळ्यांनीच ऐकतात. घरी आल्यावर जयसिंग खडीसाखरेचा खडा बायकोच्या तळहातावर ठेवून म्हणत, "आज तुझा लागला." चौकात कोणी कौतुक केलं की म्हणत, "आज लागला." मधला शब्द तेवढा घरी ठेवून येत.

कॅसेट निघाली तेव्हा तिच्या वेष्टनावर छापलं, 'जयसिंग ओव्हाळ आणि पार्टी'. कौशल्याबाई त्या 'आणि पार्टी'त होत्या. दत्तोबाही त्याच 'आणि पार्टी'त होते, पण त्यांना पुढे अध्यक्ष होता आलं.

आता विषयाकडे वळायला हवं, असं सयाजी सरांना वाटलं. सर कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत आणि मंडळाचे मार्गदर्शक होते. म्हणजे मंडळाने काही ठरवलं की ते योग्य का आहे, हे सर सांगत. वस्तीतल्या जुन्या मंडळींची तक्रार होती की रिमिक्स म्हणजे नुसता धांगडधिंगा, जयसिंगचं गाणं त्यात घालू नका. त्यांची समजूत काढायला रविवारी व्यासपीठावरून 'रिमिक्स' या शब्दाचा अर्थ आणि उगम सांगायचा, असं ठरलं होतं. सर तो तयार करून आले होते.

'रि' म्हणजे पुन्हा, हे लॅटिन. 'मिक्स' म्हणजे मिसळणे, हेही लॅटिनच. पण आपला संस्कृत 'मिश्र' त्याचा सख्खा भाऊ. तेव्हा शब्द परका आहे असं समजण्याचं कारण नाही, सर म्हणाले, तो फार तर लांबचा पाहुणा आहे. मराठीत त्याला 'पुनर्मिश्रण' म्हणता येईल. यावर खजिनदार म्हणाला की ते पशुखाद्याच्या पोत्यावर छापल्यासारखं वाटतं. कोणीतरी 'नवसाज' सुचवलं. ते साड्यांचं दुकान आहे, आकुर्डीला, असं निघालं. दत्तोबांनी सरळ 'नवी चाल' म्हणा असं सांगितलं, तर सर म्हणाले की चाल तीच आहे, म्हणून तर हे रिमिक्स. अखेर रिमिक्सला रिमिक्सच म्हणायचं ठरलं. इतका वेळ त्याला पर्याय शोधल्याचं समाधान तेवढं जास्तीचं.

मग सरांनी उगम सांगितला. जमैका नावाचं एक बेट आहे. तिथले लोक तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकत आणि उरलेल्या वाजवण्यावर नाचत. पुढे अमेरिकेतल्या नाचघरांनी ते उचललं. पण त्यासाठी मुळात गाणं वेगवेगळ्या पट्ट्यांवर भरलेलं लागे. एका पट्टीवर आवाज, एकीवर ताल, एकीवर बाकीचं. हे कमी, ते जास्त, असं करून एकदा मिसळलं की झालं मिक्स. तेच पुन्हा वेगळ्या प्रमाणात मिसळलं की रिमिक्स.

"आमचं एकाच माइकवर भरलं होतं," कौशल्याबाई म्हणाल्या. "पट्ट्या कुठल्या. त्या कॅसेटवाल्यानं यांना माइकपुढं बसवलं, दत्तोबांना बाजूला, आणि आम्हा बायकांना पार भिंतीला. बायकांचा आवाज टोचतो म्हणाला. ते कमी-जास्त तेव्हाच करून झालं होतं, सर."

सरांनी हे फार महत्त्वाचं निरीक्षण असल्याचं सांगितलं आणि पान उलटलं. पुढच्या पानावर व्याख्या होती. ती त्यांनी दोनदा वाचली, कारण ती चांगली साधली होती. 'रिमिक्स म्हणजे मूळ आवाज तोच, साज नवा.'

"त्या बेटावर," कौशल्याबाईंनी विचारलं, "काढून टाकलेला आवाज कुठं ठेवायचे?"

संदर्भग्रंथात त्याचा उल्लेख नव्हता. सरांनी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. पण झिशान लॅपटॉपची वायर गुंडाळता गुंडाळता थांबला.

"मी फेकत नाही, मावशी," तो म्हणाला. "माझ्याकडं फोल्डरला सगळं पडलेलं असतं."

खजिनदाराला हे सगळं लांबत चाललंय असं वाटलं. त्याने एक साधा उपाय सुचवला. काकूंनी आत्ताच्या आत्ता ती ओळ म्हणून दाखवावी, म्हणजे विषय संपेल. सरांनाही तो वैज्ञानिक वाटला. सगळे खुर्च्या थोड्या वळवून बसले.

कौशल्याबाईंचं वय आता नातवंडांची लग्नं बघण्याचं होतं. त्यांना दम्याची पिचकारी घ्यावी लागे. 'संपली' तर सोडाच, समाजमंदिराच्या पायऱ्या चढूनही त्यांना थोडं थांबावं लागलं होतं. त्यांनी दत्तोबांच्या हातांकडे पाहिलं. चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये दत्तोबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, त्याला कैक वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी ढोलकीला हात लावला नव्हता. पण रविवारच्या फ्लेक्सवर त्यांच्या फोटोखाली 'ज्येष्ठ ढोलकीपटू' असं छापायला गेलं होतं, आणि आधी वाजवून दाखवा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

दत्तोबांनी उजवा हात खिशात घातला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला कशाला गायला लावता."

त्यांनी हे चांगुलपणाने म्हटलं, आणि कौशल्याबाईंना ते खजिनदारापेक्षा जास्त लागलं. बैठक संपली. रविवारी निवेदनात काय म्हणायचं ते एकमताने ठरलं: मूळ आवाज, जयसिंग ओव्हाळ, रिमिक्स, डीजे झिशान. एकमतात कौशल्याबाई धरलेल्या होत्या, कारण त्यांनी हात वर केला नव्हता आणि विरोधाला हात वर करावा लागतो.

घरी आल्यावर नीला आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. ती तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला होती आणि माणसं काय म्हणतात त्यापेक्षा कशासाठी म्हणतात ते शोधायची तिला कामावरून सवय लागलेली होती. आईला चौकाच्या पाटीवर आपलंही नाव हवंय का, असं तिने सरळ विचारलं. कौशल्याबाई नाही म्हणाल्या. मग काय हवंय, तर ते त्यांना सांगता येईना. त्यांनी परातीत पीठ घेतलं आणि मळायला लागल्या.

नीलाने ओट्याला टेकून तिची बाजू मांडली. पप्पा रात्रपाळीला असले की तिला झोप यायची नाही. मग ती टेप लावायला लावायची. 'संपली' आलं की तिला वाटायचं, पप्पा घरात आहेत, आणि ती झोपायची. हे तिने आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. आता आई म्हणते तो आवाज पप्पांचा नव्हताच.

"म्हणजे मी कुणाच्या आवाजाला झोपत होते?" ती म्हणाली.

कौशल्याबाई त्या वेळी पलीकडच्या खोलीत भांडी घासत असत. त्या हे बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मुलीकडे बापाचं जे थोडंफार उरलं होतं, त्यातलं आणखी थोडं कमी झालं असतं.

"आणि समज, तुझाच असला," नीला म्हणाली. "रविवारी माइक घेऊन काय सांगशील? ज्याचं नाव देताय त्याला तो सूर लागत नव्हता, हे? आई, लोक त्यांना हसतील. तुला नाही हसणार, त्यांना हसतील."

"हसू नये असंच मलाही वाटतं," कौशल्याबाई म्हणाल्या. पीठ कधीच मळून झालं होतं, तरी त्यांचे हात थांबले नव्हते. "पण जिवंतपणी त्यांना लागला नाही तो सूर मेल्यावर यंत्रानं लावून दिला. आणि मला लागायचा तो कचऱ्यात काढला. त्यालाच मूळ आवाज म्हणतात आणि वर मला टाळ्या वाजवायला बोलावतात."

त्या दिवशी भाकऱ्या कडक झाल्या. नीलाने त्या मुकाट्याने खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौशल्याबाई भोसरीहून चाकणच्या बसने निघाल्या आणि पुढे सहा आसनी रिक्षात बसून निघोज्याला उतरल्या. झिशानचं घर शोधावं लागलं नाही. मोठ्या ट्रकांच्या रांगेत त्याच्या वडिलांचं, इब्राहिमचं, टायरचं दुकान सगळ्यांना माहीत होतं. मुलगा त्याच्याच वर, पत्र्याच्या खोलीत. झिशान पहिली पाळी करून नुकताच आला होता आणि कंपनीचा शर्टही त्याने बदलला नव्हता. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. इब्राहिमच्या कॉम्प्रेसरचा आवाज मात्र जिन्यातून आत येत होता, त्याला ट्रे नव्हते.

कशासाठी आल्या हे झिशानने विचारलं नाही. त्याने खुर्ची पुसून दिली आणि फोल्डर उघडलं.

"सॉफ्टवेअर चार ढीग करतं," त्याने सांगितलं. "आवाज, ताल, बेस, आणि ज्याचं काय करायचं ते त्याला कळत नाही, ते इतर. तुम्ही म्हणालात तेव्हा मी घरी येऊन इतर उघडलं."

त्याने ते लावलं. आधी नुसती पेटी आली, मग घुंगरू, मग लांबवर कोणाचं तरी लहान मूल खोकललं. आणि मग कुठलाही शब्द आधी न येता, एकदम वरून, 'संपली'.

कौशल्याबाईंनी पदर डोक्यावर घेतला. समोर झिशानशिवाय कोणी नव्हतं, आणि त्यालाही याची गरज नव्हती. हात आपोआप गेला. आवाज चढत गेला, वर जाऊन थांबला, आणि हलला नाही. त्याच्याखाली काहीच नव्हतं. जयसिंग नव्हते, ढोलकी नव्हती. इतका तो एकटा त्यांनीही कधी ऐकला नव्हता. गाताना माणसाला स्वतःचा आवाज ऐकायला सवड नसते.

"सॉफ्टवेअरला पेटीच वाटली, मावशी," झिशान म्हणाला. "इतका सरळ सूर माणसाचा नसतो, असं त्याला शिकवलेलं असणार."

हे कौतुक आहे की आणखी एक अपमान, हे कौशल्याबाईंना लगेच ठरवता आलं नाही. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. झिशानने लावलं. मग तो म्हणाला की यंत्राने केलेला काकांचा आवाज काढून तिथे हा परत बसवायला त्याला काहीच वेळ लागणार नाही, आणि बोलता बोलता त्याने ते करूनही टाकलं. आता खाली जयसिंग गात होते, खरे, धुळीने जाड झालेले, आणि शब्द आला की वर त्या.

"आता बरोबर?" त्याने विचारलं.

बरोबर होतं. कॅसेटमध्ये होतं तसंच होतं. रविवारी सयाजी सर माइकवर मूळ आवाज जयसिंग ओव्हाळ म्हणणार होते, पडदा सरकणार होता, 'संपली' येणार होतं आणि चौकभर लोकांना जयसिंगांचा वर गेलेला हात आठवणार होता. नीला पहिल्या रांगेत बसून रडणार होती. यात खोट काढायला आता काहीच उरलं नव्हतं.

"हो," कौशल्याबाई म्हणाल्या. "आता पुन्हा तसंच झालं."

झिशानला वाटलं, मावशींना काम आवडलं. त्याने वाजवायची पक्की प्रत तयार करायला घेतली आणि एकदा सगळं ऐकवलं. या वेळी सगळ्यात वरच्या जागी, बेस सुटता सुटता, एक घोगरा आवाज घुमत मध्ये घुसला: 'डीजे झिशान, निघोजे'.

कौशल्याबाई दचकल्या. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. बैठकीत तर नव्हतं.

बैठकीत मुद्दाम काढलं होतं, झिशान म्हणाला. जुन्या लोकांना आवडत नाही. पण बाहेर जाणाऱ्या प्रतीत ते असावंच लागतं. "लोक चोरतात, मावशी. मी महिना घालवून गाणं करायचं, आणि तिकडं मंचरचा कोणी उचलून स्वतःच्या नावावर वाजवणार. म्हणून नाव टाकायचं. सगळे डीजे टाकतात."

"पण इतक्या चांगल्या जागी?"

"तिथंच टाकायचं असतं. सुरुवातीला टाकलं तर कापतात, शेवटी टाकलं तर कापतात. जिथं गाणं सगळ्यात भारी आहे, तिथं टाकलं की कापायला गेलं तर गाणंच फाटतं."

खाली इब्राहिम कोणा ड्रायव्हरशी हिंदीत वाद घालत होता. कौशल्याबाईंनी पडद्यावर त्याचं नाव होतं त्या जागी बोट ठेवलं.

"तिथं माझं बसेल का?" त्यांनी विचारलं.

झिशान हसला. मग त्यांच्याकडे बघून हसायचा थांबला. जयंतीचं काम त्याला दरवर्षी दत्तोबाकाका देत. पुढच्या वर्षी ते देतील का, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावरून सरळ दिसला, कारण तो लपवायचं त्याला सुचलं नाही. नीलाताई काय म्हणतील, असंही त्याने विचारलं. कौशल्याबाई म्हणाल्या की नीलाला त्या आजच सांगणार आहेत, आधी घरी, मग चौकात. उलट होऊ देणार नाहीत. तो आणखी थोडा वेळ खुर्चीत डावीउजवीकडे वळत राहिला. मग उठला, पंखा बंद केला आणि जिन्यात जाऊन खाली ओरडला की अब्बा, जरा कॉम्प्रेसर थांबवा.

खाली शांत झालं. झिशानने माइक ओढून त्यांच्या तोंडासमोर आणला.

"घ्या नाव, मावशी," तो म्हणाला.

हे शब्द कौशल्याबाईंना सवयीचे होते. लग्नात, बारशाला, नव्या घराच्या उंबऱ्यावर, बायकांनी अडवून त्यांना हेच म्हटलं होतं, आणि त्यांनी दर वेळी यमक जुळवून नाव घेतलं होतं. ते स्वतःचं कधीच नव्हतं. आता यमक लागत नव्हतं आणि त्यामुळेच जीभ अडखळली. त्यांनी पिचकारी काढून एक दम घेतला, तोंड पुसलं.

"कौशल्या."

"आडनाव?"

"ते पाटीवर येणारच आहे," त्या म्हणाल्या.

झिशानने स्वतःचं नाव तिथून उचललं, मागे दुसऱ्या कडव्याला नेलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे बसवलं. त्याला थोडा घुमारा दिला. मग सुरुवातीपासून लावलं. जयसिंग खालून येत गेले, 'सांगा अंधाराला, आता तुझी पाळी', आणि वर तो सूर निघाला, चढला, थांबला. आणि बरोबर तो थांबला असतानाच, त्याच्या मधोमध, एका म्हाताऱ्या बाईचा दम लागलेला, खरखरीत आवाज म्हणाला, कौशल्या.

झिशानने ते थांबवलं. त्याचा हात कपाळाकडे गेला.

"मावशी, नाही जमत," तो म्हणाला. "माझं नाव मी माझ्या गाण्यावर टाकतो, ते खपतं. पण हा सूर फार साफ आहे. त्याच्यावर बोललेलं टोचतं. मी असं करतो, सूर पूर्ण होऊ देतो आणि मग नाव घेतो. छान वाटेल. लोकांना दोन्ही ऐकू येईल."

"सूर झाल्यावर टाकलं, तर कापता येईल?"

त्याने खोटं सांगितलं नाही. "एका मिनिटात."

"मग आहे तिथंच राहू दे."

"खराब होईल, मावशी."

"होऊ दे," कौशल्याबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून उठल्या. "आजवर चांगलंच ऐकलं की सगळ्यांनी."